सांधा जुळला, निवला आणि तडकला: दोन काचनळ्यांचे एक प्रकरण

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला एक वायुवाहक नळी हवी होती. बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर, दोन ठिकाणी काटकोन, एक पाय नेहमीपेक्षा लांब. काचकाम शिकणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच जमावे असे हे काम, म्हणून नव्याने आलेल्या शिकाऊ मुलाकडे मी ते दिले. दुपारी तो परत आला तेव्हा नळीचे दोन तुकडे त्याच्या दोन हातांत होते. तडा सांध्याला लागून, नळीभोवती गोल फिरून गेलेला.

"सर, जोडताना अगदी व्यवस्थित जमलं होतं. खाली ठेवल्यावर पाच-सात मिनिटांनी टिक असा आवाज आला."

तुटलेली काच बहुतेक वेळा कचऱ्याच्या डब्यात जाते आणि तुटण्याचे कारणही तिच्यासोबत जाते. ही नळी मात्र मी ठेवून घेतली. त्याने सकाळपासूनची हकीकत सांगितली, त्यात एक-दोन गोष्टी अशा होत्या की त्यांचा उलगडा केल्याशिवाय पुढचे काम त्याच्या हातात देणे मला बरे वाटेना.

सकाळपासून काय झाले

खणातून त्याने एक नळी काढली आणि बर्नरच्या पसरट, माशाच्या शेपटीसारख्या ज्योतीत आडवी धरून फिरवू लागला. थोड्याच वेळात ज्योत पिवळीधमक झाली. मिनिटभरात नळी हातात सैल लागू लागली. इथे त्याने शिकवल्याप्रमाणेच केले: नळी ज्योतीबाहेर काढली, क्षणभर थांबला आणि मग दोन्ही टोके हलक्या हाताने वर उचलली. नळी ज्योतीतच वाकवली तर बाहेरची बाजू ताणून पातळ होते आणि आतली दबून चपटी होते. बाहेर काढल्यावर पृष्ठभाग जरासा आवळतो, पोट मऊ राहते आणि वळण गोल येते. त्याची दोन्ही वळणे सुरेख आली होती. तुटलेल्या नळीवरही ती तशीच शाबूत होती.

लांब पाय मात्र चार बोटे कमी पडला. मग त्याने त्याच खणातून त्याच जाडीची दुसरी नळी घेतली, हवा तेवढा तुकडा कापला आणि कड गोल करण्यासाठी त्याच ज्योतीत धरला. कड गोल होईना. तुकडा लालसर झाला, पण धार तशीच राहिली. त्याला वाटले गॅसचा दाब कमी झाला असावा. म्हणून तो ऑक्सिजन जोडलेल्या मोठ्या बर्नरवर गेला. तिथे कड वितळून गोल झाली आणि त्याने तो तुकडा वाकवलेल्या नळीच्या टोकाला जोडून टाकला.

"जोडताना काही वेगळं वाटलं का?" मी विचारले.

"जुनं टोक लगेच ओघळायला लागत होतं. म्हणून ज्योत जास्त करून नव्या तुकड्यावर ठेवली."

आपल्या हातात दोन निराळ्या काचा आहेत हे त्याच्या हातांना आधीच कळले होते. डोक्यापर्यंत ते पोचले नव्हते, कारण डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच दिसत होत्या.

पहिला अंदाज चुकला

त्याचे स्वतःचे निदान होते, सांधा घाईने निवला. माझाही पहिला अंदाज तोच. काच तडकली की दहापैकी आठ वेळा आपण निवण्याला दोष देतो, आणि तो दोष बऱ्याचदा खराही असतो.

भिंगाखाली तड्याच्या कडा पाहिल्या. त्या सुरीसारख्या धारदार होत्या. याचा अर्थ तडा काच पूर्ण घट्ट झाल्यावर गेला. ज्योतीत असतानाच तडा गेला असता तर पुढच्या तापवण्यात त्याच्या कडा पृष्ठताणाने गोल झाल्या असत्या. तुटलेल्या काचेचा तपास करणाऱ्याने पहिल्यांदा कडाच पाहाव्यात: गोल कड म्हणजे तापताना फुटली, धारदार कड म्हणजे निवताना किंवा निवल्यावर. मात्र घाईने निवली की मुळातच न जमणारी जोडी होती, हे कड सांगत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा लागते.

एका चंचुपात्रात ग्लिसरीन ओतले आणि दोन्ही तुकडे त्यात उभे केले. वाकवलेली नळी ग्लिसरीनमध्येही स्पष्ट दिसत राहिली. जोडलेला तुकडा मात्र पातळीखाली जवळजवळ नाहीसा झाला. जणू नळी ग्लिसरीनच्या पृष्ठभागाशीच संपत होती. बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉन घातलेल्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.४७३ आहे आणि ग्लिसरीनचाही जवळपास तेवढाच. प्रकाशाला एकातून दुसऱ्यात जाताना वळावे लागत नाही, म्हणून कड दिसत नाही. सोडा आणि चुना घातलेल्या साध्या सोडा-लाइम काचेचा अपवर्तनांक १.५१ ते १.५२, म्हणून ती लपत नाही. त्या मुलाने तुकडा तीन-चार वेळा वर-खाली करून पाहिला. एकाच खणात, एकाच जाडीच्या, दोन जातींच्या नळ्या मिसळून ठेवल्या होत्या. ही चूक त्याची नव्हती. खण आमचा होता.

काच नक्की किती अंशांना वितळते?

हा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे उत्तरही त्याच्याजवळ होते: कुठेतरी वाचलेले, चौदाशे ते सोळाशे अंश. मग सातशे-आठशेला नळी वाकते कशी, हे त्याला कोडे होते. खरे तर प्रश्नाची मांडणीच काचेला लागू पडत नाही.

बर्फ ० अंशाला वितळतो, कारण त्यातला प्रत्येक रेणू सारख्याच शिस्तीत बसलेला असतो. एकाला सुटायला जेवढी उष्णता लागते तेवढीच शेजाऱ्याला लागते, म्हणून सगळे एकाच तापमानाला सुटतात. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे जाळे असते खरे, पण त्याला शिस्त नसते. कुठे बंध ताणलेला, कुठे कोन आवळलेला, कुठे फट. उष्णता वाढेल तसे हे बंध इथे-तिथे सुटतात आणि लगेच दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतात. ही सोड-जोड जितकी जलद तितकी काच पातळ. त्यामुळे घन आणि द्रव यांच्यामध्ये कुंपण घालता येईल असे एकच तापमान सापडत नाही. बदलत जातो तो दाटपणा, शास्त्राच्या भाषेत श्यानता.

हा दाटपणा किती प्रचंड पल्ल्यात बदलतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पाण्याची श्यानता सुमारे ०.००१ पास्कल-सेकंद. घट्ट मधाची १० च्या आसपास. सोडा-लाइम काच कारखान्याच्या भट्टीत साधारण १,४५० अंशांना मधाएवढी पातळ असते. 'काच वितळते' म्हणून जो चौदाशे-पंधराशेचा आकडा सांगतात तो हा. १,०२० अंशांच्या आसपास ती १,००० पास्कल-सेकंद होते. फुंकून, ओढून, जोडून हवा तो आकार देता येतो तो इथपासून. ७२५ च्या सुमारास ती आपल्याच वजनाने हळूहळू लोंबू लागते. ५५० ला एकावर बारा शून्ये इतकी दाट होते. हाताला तेव्हा ती पूर्ण घन वाटते, पण आत अडकलेला ताण ती पंधरा-वीस मिनिटांत सोडून देऊ शकते. आणखी ३०-४० अंश खाली आले की तोच ताण सुटायला तासच्या तास लागतात, आणि त्याखाली तो व्यवहारात सुटतच नाही.

यातला ७२५ चा, म्हणजे 'मऊ होण्याचा बिंदू' कसा ठरवला आहे हे मला नेहमी विलक्षण वाटते. १९२७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लिटलटन यांनी त्याची पद्धत मांडली. मिलिमीटरपेक्षा बारीक, सुमारे २४ सेंटिमीटर लांबीचा काचेचा धागा टांगायचा, त्याचा वरचा १० सेंटिमीटर भाग मिनिटाला ५ अंश या वेगाने तापवायचा आणि धागा स्वतःच्या वजनाने मिनिटाला १ मिलिमीटर वाढू लागला की तापमान नोंदवायचे. म्हणजे या बिंदूला काचेच्या आत काही एकदम घडत नाही. माणसांनी एक वेग ठरवला आणि तो वेग ज्या तापमानाला दिसतो त्याला नाव दिले. ६९० अंशांनाही काच लोंबते, फक्त जास्त वेळ घेते. भट्टीत साच्यावर काच बसवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते: तापमान थोडे कमी ठेवून जास्त वेळ थांबले तरी तोच आकार मिळतो. काचेच्या बाबतीत नुसते तापमान म्हणजे अर्धीच माहिती. दुसरा अर्धा भाग वेळ.

त्यावर तो म्हणाला, "मग खिडकीची काचपण हळूहळू वाहत असणार?" जुन्या इमारतींतल्या काचा खाली जाड असतात हे त्याने ऐकले होते. वाहत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेसारखीच काच बनवून तिचा अभ्यास झाला आहे. त्या हिशेबाने सामान्य तापमानाला ती अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल. जुन्या काचा मुळातच असमान जाडीच्या बनत. ५०० अंशांखाली श्यानता अशा वेगाने चढते की 'हळूहळू' या शब्दालाही अर्थ उरत नाही.

दुसऱ्या नळीची धार का गेली नाही

शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, एकटीच काच बनवू शकते, पण ती मऊ व्हायलाच १,६०० अंशांच्या वर जावे लागते. तिच्यात सोडा घातला की सोडियम जाळ्यातले ऑक्सिजनचे पूल ठिकठिकाणी तोडतो. तुटक्या पुलांचे जाळे लवकर सैल पडते. चुना घालतात तो अशी काच पाण्यात विरघळू नये म्हणून. साध्या नळीत सिलिका सत्तरएक टक्के, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. काचकाम करणारे तिला सॉफ्ट ग्लास म्हणतात.

बोरोसिलिकेटमध्ये, थोडक्यात बोरोमध्ये, सिलिका सुमारे ८० टक्के आणि बोरॉन ऑक्साइड १३ टक्क्यांच्या आसपास. सोडा अगदी थोडा. बोरॉन जाळे तोडत नाही, जाळ्याचाच भाग होऊन बसतो. येना इथल्या आपल्या कारखान्यात ऑटो शॉट यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस ही काच घडवली, आणि आज प्रयोगशाळेतले बहुतेक चंचुपात्र, शंकुपात्र तिचेच असते. तिचा मऊ होण्याचा बिंदू सुमारे ८२० अंश, आकार देण्याचे तापमान १,२५० च्या आसपास.

७२५ आणि ८२०, फरक अवघ्या शंभर अंशांचा दिसतो. पण समजा साध्या ज्योतीत दोन्ही नळ्या ८०० अंशांवर पोचल्या. त्या तापमानाला बोरो ही सॉफ्ट ग्लासपेक्षा तीस ते पस्तीस पट दाट असते. एकीची कड वीस सेकंदांत गोल होत असेल तर तेच काम दुसरीला दहा मिनिटांचे. ज्योतीपाशी दहा मिनिटे कोण थांबतो? गॅसचा दाब ठीकच होता.

पिवळ्या ज्योतीची खूणही निसटली. सॉफ्ट ग्लासमधला सोडियम तापताच ज्योतीत उतरतो आणि ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. बोरोमध्ये सोडियम कमी, म्हणून ज्योत तेवढी रंगत नाही. दुसरी नळी ज्योतीत गेली तेव्हा ज्योत कमी पिवळी झाली होती का, असे विचारल्यावर तो थोडा वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "हो, आत्ता तुम्ही म्हणताय तर... निळीच होती बरीचशी."

तडा कुठून आला

इथवर नळी मऊ का झाली नाही ते कळले. तडकली का, हे वेगळे. दोन्ही काचा ऑक्सिजनच्या ज्योतीत एकमेकींत मिसळल्या होत्या आणि गरम असेपर्यंत सांध्यात काहीही दोष नव्हता. हे मी त्याला दोनदा सांगितले, कारण आपल्या हाताला दोष देऊन तो मोकळा होऊ पाहत होता.

दोष निवताना आला. तापमान एका अंशाने उतरले की सॉफ्ट ग्लास आपल्या लांबीच्या दर दहा लाख भागांमागे सुमारे ९ भाग आकसते, बोरो फक्त ३.३ भाग. वर, काच सैल असते तेव्हा या फरकाने काही बिघडत नाही. जी जास्त आकसेल ती थोडी वाहून जुळवून घेते. योगायोगाने दोन्ही काचा ५१० अंशांच्या आसपास जुळवून घेणे थांबवतात. तिथून खोलीच्या तापमानापर्यंत उरले सुमारे ४८० अंश. हिशेब केला तर ८ मिलिमीटरच्या नळीत दोघींच्या व्यासांत ०.०२ मिलिमीटरच्या वर फरक पडायला हवा. केसाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण सांध्याने दोघी बांधलेल्या असल्याने तो फरक पडू शकत नाही. सॉफ्ट ग्लासला आकसायचे असते आणि बोरो तिला आकसू देत नाही. त्यातून उभा राहणारा ताण नव्वद मेगापास्कलच्या घरात जातो. रोजच्या हाताळणीत ओरखडे पडलेल्या काचेला याच्या निम्मा ताणही झेपेलच असे नाही. तडा सॉफ्ट ग्लासच्या अंगाने गेला होता, ताणली गेलेली बाजू तीच.

त्याला हे पटले, पण त्याच्या चेहऱ्यावर एक 'तरीही' शिल्लक होता. सावकाश निववले असते तर? मी उत्तर दिले नाही. तीन सांधे करायला सांगितले.

पहिला सॉफ्ट ग्लासचा सॉफ्ट ग्लासशी, नुसता हवेत निववलेला. दुसरा तसाच, पण ॲनीलिंग केलेला, म्हणजे भट्टीत ५५० अंशांना अर्धा तास ठेवून मग हळूहळू उतरवलेला. तिसरा सॉफ्ट ग्लासचा बोरोशी, तोही भट्टीत दुसऱ्याच्या शेजारी, त्याच वेळापत्रकाने. भट्टीचे दार रात्रभर उघडले नाही.

सकाळी दार उघडले तेव्हा दुसरा सांधा अखंड होता. तिसरा भट्टीतच, कोणी हात न लावता, बांगडीसारखा तडकून पडला होता. सावकाश निववल्याने जाते ते फक्त एकाच काचेतल्या गरम-गार भागांच्या फरकातून आलेले ओझे. दोन काचांच्या स्वभावातला फरक त्याने जात नाही. भट्टी कितीही सावकाश उतरवा, ५१० च्या खाली प्रत्येक अंशाला तो नव्याने साठत जातो.

पहिला सांधा, हवेत निववलेला, दिसायला दुसऱ्याइतकाच चांगला होता. आम्ही प्रकाशाचे एकाच दिशेतले कंपन जाऊ देणाऱ्या दोन पोलरॉइड पट्ट्या एकमेकींना आडव्या लावल्या, मागून दिवा धरला आणि मध्ये एकेक सांधा ठेवला. ॲनीलिंग केलेला काळा राहिला. हवेत निववलेल्यात सांध्याभोवती पांढरट चमकता पट्टा उजळला. तो अडकलेला ताण होता. नळी तशीच बाजूला ठेवली. चार दिवसांनी ती धुताना गरम पाणी पडले आणि त्या पट्ट्यावरच फुटली. तेव्हा 'घाईने निवला' हा त्याचा अंदाज अगदी निराधार नव्हता. तशीही काच फुटते, फक्त त्याच्या नळीला फुटायला घाईची गरज नव्हती.

पुढे

बोरो आणि सॉफ्ट ग्लास जोडता येतच नाहीत असे नाही. मध्ये प्रसरणाच्या पायऱ्या घालतात: एकीपेक्षा किंचित कमी, मग आणखी कमी, अशा तीन-चार काचांचे छोटे वळे एकापुढे एक जोडून फरक वाटून टाकतात. क्वार्ट्झ, म्हणजे शुद्ध सिलिकाची काच, बोरोला जोडतानाही हीच युक्ती. एका वायुवाहक नळीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता. त्याने पुरेशा लांबीची एकच सॉफ्ट ग्लासची नळी घेतली, दोन वळणे दिली, कडा ज्योतीत गोल केल्या आणि नळी भट्टीतून काढून दुसऱ्या दिवशी पोचवली. लांबी पुन्हा कमी पडली असती तर रबरी नळीचा दोन इंच तुकडा पुरला असता, हेही आमच्यात बोलून झाले.

खण रिकामा करायला आम्हाला एक पूर्ण दुपार लागली. प्रत्येक नळीचे टोक उजेडाकडे धरून आधी डोळ्यांनी पाहायचे: सॉफ्ट ग्लासच्या कापलेल्या तोंडात लोहामुळे हिरवट झाक दिसते, बोरो त्या मानाने स्वच्छ. शंका आली की ग्लिसरीन. दोन खण केले, दोन रंगांच्या पट्ट्या लावल्या. तडकलेला सांधा पोलरॉइड पट्ट्यांशेजारी ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात कोणीतरी एक सुटी नळी त्याच्या टेबलावर आणून ठेवली, कुठल्या खणातली ते न सांगता. त्याने टोक उजेडाकडे धरले, मग ग्लिसरीनमध्ये बुडवले. नळी पातळीखाली दिसेनाशी झाली. तो काही न बोलता उठला आणि मोठ्या बर्नरकडे गेला.